अंगणातल्या मुंग्या आणि राणीची साखर

इंदूरला राजेंद्रनगरात मावशीच्या अंगणात राणी लघवीला बसली, की घटकाभरात तिथं मुंग्यांची रांग लागायची. राणी आठ वर्षांची लॅब्रेडॉर, अंगानं चांगलीच भरलेली. पाण्याचं भांडं दिवसातून चारदा रिकामं व्हायला लागलं, खाणं तेवढंच राहिलं, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. रक्त तपासलं तेव्हा साखर चारशेच्या वर.

"रोज पोह्यांबरोबर जिलेबीचा तुकडा मीच घालायचे गं," मावशी रडवेली झाली.

जिलेबीनं वजन वाढतं, हे खरंच. अंगावरची चरबी नुसती पडून राहत नाही, तीही हार्मोन्स सोडते. लठ्ठ कुत्र्यात लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन वाढतं, इन्सुलिनही वाढतं, कारण पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात आणि स्वादुपिंड जास्त जोर लावतं. माणसात किंवा मांजरात इथून मधुमेहाकडे वाट जाते. कुत्र्यात मात्र एकट्या लठ्ठपणानं सहसा मधुमेह होत नाही. त्यांच्यात बहुतेकदा इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच नष्ट झालेल्या असतात.

मग राणीचं काय झालं? तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढलेले नव्हते. कुत्री माजावर येऊन गेली, की गाभण असो वा नसो, साधारण दोन महिने अंडाशयातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं राहतं. त्याच्या प्रभावानं तिच्या स्तनग्रंथी वाढीचं हार्मोन रक्तात सोडतात, आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. वरून लठ्ठपणा! म्हणूनच पुष्कळ माद्यांचा मधुमेह माजानंतर काही आठवड्यांनी उघडा पडतो. तेव्हाच अंडाशय काढायचं ऑपरेशन केलं तर कधीकधी तो जातोही. उशीर झाला, की चढलेली साखर उरलेल्या बीटा पेशीही मारते. मला ही गोष्ट प्रत्येक मादी पाळणाऱ्याला सांगावीशी वाटते.

रक्तातली साखर दोनशेच्या आसपास गेली, की कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते; म्हणून ती तहान, म्हणून त्या मुंग्या. डोळ्याच्या भिंगात साखरेचं सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य होतं, भिंग पाणी धरतं आणि पांढरं पडतं. कुत्र्यांत हे फार झपाट्यानं होतं.

स्वादुपिंड काढलं की मधुमेह होतो, हे १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये कळलं ते कुत्र्यावरूनच. टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडाचा अर्क टोचून साखर उतरवली, तीही कुत्र्यांचीच. डुकराचं आणि कुत्र्याचं इन्सुलिन तर तंतोतंत एकच.

राणीचं ऑपरेशन झालं, पण इन्सुलिन सुटलं नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात. आधी जेवण, मग मावशी तिच्या पाठीवरची कातडी चिमटीत उचलते आणि सुई लावते. राणीचा उजवा डोळा आता दुधाळ दिसतो. पोह्यांच्या वेळी ती अजून येऊन बसते, आणि मावशी तिला काकडीची चकती देते.