बायको एच-4 वर आली म्हणून साधा जॉइंट रिटर्न होत नाही

दर फेब्रुवारीत तोच प्रश्न येतो. लग्न झालं, बायको सप्टेंबरात एच-4 वर (एच-1बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) अमेरिकेत आली, आता जॉइंट रिटर्न भरतोय, तर तिचा पुण्यातला पगार दाखवायचा का? आणि दर वेळी कुणीतरी ठामपणे सांगतं, "नाही रे, ती तेव्हा इथे नव्हतीच ना." हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते ऐकून चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी चुकीचे रिटर्न भरलेले मी बघितलेत, म्हणून एकदा नीट लिहितो. नवरा एच-4 वर आला असेल तरी हेच सगळं लागू.

जॉइंट म्हणजे नवरा-बायकोचा मिळून एक टॅक्स रिटर्न, सेपरेट म्हणजे ज्याचा त्याचा, ते जास्त उगाळत नाही. 31 डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर अख्खं वर्ष विवाहित, मग लग्न 27 डिसेंबरला नाशिकला लागलेलं असो आणि बायको अजून तिकडेच असो, 'सिंगल' वर टिक करायची नाही. आणि डिपेंडंट हा शब्द व्हिसापुरता. रिटर्नमध्ये बायको कधीच डिपेंडंट नसते, तिला त्या रकान्यात लिहिलेलं दिसलं की मला खरंच चीड येते.

आता खरी गोम. इमिग्रेशनवाले व्हिसा बघतात, टॅक्सवाले दिवस मोजतात. यंदाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या आदल्या वर्षीचा एक षष्ठांश, ही बेरीज 183 भरली आणि यंदाचे किमान 31 दिवस असले की माणूस टॅक्सपुरता रेसिडेंट. पहिल्यांदाच आलेल्या माणसाचे मागचे दिवस शून्य, त्यामुळे 2 जुलैला उतरून इथेच राहिली तर 183 भरतात, 3 जुलैला उतरली तर नाही. 14 सप्टेंबर 2024 ला आलेल्या वहिनी धरा. 109 दिवस झाले, म्हणजे 2024 पुरत्या त्या नॉन-रेसिडेंट. मे महिन्यात आल्या असत्या तर आधीचे महिने नॉन-रेसिडेंट आणि पुढचे रेसिडेंट, ज्याला ड्युअल स्टेटस म्हणतात. दोन्हीकडे मूळ नियम एकच आहे, की वर्षात एक दिवस जरी दोघांपैकी कुणी नॉन-रेसिडेंट असेल तर जॉइंट रिटर्न भरता येत नाही.

मग लोक भरतात कसा? तर कायद्याच्या कलम 6013 मध्ये एक पर्याय दिलाय, त्यात दोघांनी सही करून लिहून द्यायचं की आम्हाला अख्ख्या वर्षासाठी रेसिडेंट धरा. अख्ख्या वर्षासाठी, म्हणजे 1 जानेवारीपासून, ती हिंजवडीत बसून काम करत होती तेव्हापासून. एकदा हे लिहून दिलं की तिचं जगभरातलं उत्पन्न रिटर्नमध्ये आलं, पगार आला, एफडीचं व्याज आलं, पीपीएफचं व्याज तिकडे टॅक्स-फ्री असलं तरी इथे आलं, तिच्या नावावरच्या फ्लॅटचं भाडं आलं.

"ती तेव्हा इथे नव्हती" हे म्हणणं सेपरेट भरणाऱ्यांसाठी बरोबर आहे. सेपरेट भरलात तर तिच्या इंडियातल्या पगाराशी अमेरिकेला देणंघेणं नाही, पण तुमचं 2024 चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, 14,600 डॉलर. जॉइंट भरलात तर 29,200, पण तिचा पगार आत. लोक करतात काय, तर 29,200 घेतात आणि पगार बाहेर ठेवतात. असा पर्याय कायद्यात नाहीच.

आणि लपवण्यासारखं त्यात असतं तरी काय? महिना 75,000 प्रमाणे आठ महिन्यांचे 6 लाख, म्हणजे सुमारे 7,200 डॉलर. डिडक्शन 14,600 ने वाढतंय, म्हणजे पगार दाखवूनही तुमचाच फायदा, शिवाय जॉइंटचे स्लॅब रुंद. तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म 1116 वर मिळतं (तिकडून रिफंड आलेला भाग सोडून). पगार 30-40 लाखांचा असेल तर मात्र दोन्ही प्रकारे आकडे मांडून बघा, अंदाजाने ठरवू नका.

आमच्या पहिल्या वर्षी ज्याला पैसे देऊन रिटर्न भरून घेतला त्याने हिच्या पगाराचं विचारलंच नाही. नंतर कळल्यावर 1040-एक्स भरून दुरुस्त केलं. एक अख्खा रविवार जेवणाच्या टेबलावर गेला, कारण फॉर्म 16 एप्रिल ते मार्चचा आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे दोन फॉर्म 16 शेजारी ठेवून काही उपयोग नाही, महिन्या-महिन्याच्या सॅलरी स्लिपच लागतात. जास्तीचा टॅक्स निघाला तो अगदी किरकोळ, वाईट वाटलं ते उगाच दोन वर्षं चुकीचा रिटर्न पडून राहिला याचं.

बाकीचं पटकन. एच-4 वर कामाची परवानगी नसेल तर एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळत नाही, त्याऐवजी आयटीआयएन हा टॅक्सपुरता नंबर घ्यायचा, त्याच्या अर्जाचा फॉर्म डब्ल्यू-7 रिटर्नसोबतच कागदावर पोस्टाने जातो आणि कलम 6013 चं ते सही केलेलं निवेदन त्यातच जोडायचं. ओरिजिनल पासपोर्ट पाठवू नका, तो आठवडेच्या आठवडे अडकतो. आयआरएसने (अमेरिकेचं टॅक्स खातं) मान्यता दिलेल्या एजंटकडून पासपोर्ट तपासून घ्या, थोडे पैसे जातात पण पासपोर्ट घरी राहतो. तिकडे म्युच्युअल फंड असतील तर फॉर्म 8621 (परदेशी फंडांसाठीचा) बद्दल जाणकाराला विचारल्याशिवाय सही करू नका.

आणि ती अजून तिकडे नोकरीत असेल तर आजच जानेवारीपासूनच्या सगळ्या स्लिप डाउनलोड करून स्वतःच्या ईमेलवर पाठवायला सांगा, राजीनामा दिल्यावर कंपनीचं लॉगिन बंद होतं आणि मग एचआरच्या मागे लागून एकेक स्लिप मागावी लागते.