खांदेरी आणि उंदेरी: जोडीची नावं, वैरी किल्ले

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं, बुटकं आणि खडकाळ ते उंदेरी. त्याच्यापलीकडे, आणखी आत, दोन टेकड्या आणि दीपगृह असलेलं ते खांदेरी. नावं कायम जोडीनं घेतली जातात, म्हणून 'शिवरायांचे जोडकिल्ले' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खांदेरी मराठ्यांनी बांधला तो मुंबईच्या तोंडावर बसण्यासाठी, आणि जंजिऱ्याचा सत्ताधीश सिद्दी याने उंदेरी बांधला तो खांदेरीला आवळण्यासाठी.

आधी खांदेरी. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आसऱ्याला येई आणि इंग्रज ते खपवून घेत. त्या बंदरात कोण येतंजातं हे पाहायचं, तर खांदेरीसारखी जागा दुसरी नव्हती. 1672 मधला पहिला प्रयत्न इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे सोडावा लागला. ऑगस्ट 1679 मध्ये शिवरायांच्या आरमारातला मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन बेटावर उतरला आणि तट चढू लागला.

इंग्रजांनी जहाजं पाठवून नाकेबंदी केली. इथून पुढचा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो, कारण अर्धवट बांधलेला किल्ला लढवायचा म्हणजे मुळात त्याची रसद चालू ठेवायची. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून आणि खोल पाणी शोधणारी. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या. अंधार पडला की त्या किनाऱ्यावरून सुटत, खडकांमधल्या उथळ पाण्यातून वाट काढत आणि बेटावर दाणागोटा उतरवून परतत. 19 सप्टेंबरला बेटाजवळ गेलेला इंग्रज अधिकारी थॉर्प मारला गेला. 18 ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या आरमाराने सरळ हल्लाच चढवला. 'डव्ह' हे इंग्रजांचं गुराब (डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती लागलं, मात्र इंग्रज कप्तान केग्विनच्या 'रिव्हेंज' जहाजाने तोफा डागून बाकीच्यांना पांगवलं. ही चकमक कोणी जिंकली यावर वाद घालता येईल, पण बांधकाम थांबलं नाही आणि बेटही सुटलं नाही. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून काढता पाय घेतला.

सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला म्हणून आला होता. खांदेरी मिळत नाही असं दिसताच जानेवारी 1680 मध्ये त्याने शेजारचं उंदेरी ताब्यात घेतलं आणि तिथे तोफा चढवल्या. जागेची निवड अचूक होती. उंदेरी थळ आणि खांदेरी यांच्यामध्ये पडतं, म्हणजे खांदेरीची रसद जिथून निघायची त्या वाटेवरच तोफा आल्या. दौलतखानाने लगेच हल्ला केला, तो फसला. त्याच वर्षी, संभाजी महाराजांच्या काळात, रात्री उंदेरीवर उतरलेली मराठी तुकडीही कापली गेली. पुढे 1760 च्या सुमारास उंदेरी मराठ्यांकडे आला, म्हणजे जवळपास 80 वर्षं हे दोन किल्ले परस्परविरोधी छावण्यांमध्ये होते. खांदेरी मात्र मराठ्यांचे आरमारप्रमुख आंग्रे यांच्या काळातही टिकला. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने त्यावर आरमार नेलं आणि हात हलवत परत आणलं.

बांधणीत पाहाल तर खांदेरीचा तट बेटाच्या उंचसखल कडेनं फिरतो. त्याच्या पायथ्याला मोठे दगड टाकलेले आहेत: लाटेचा मार त्यांच्यावर फुटतो आणि शत्रूला होडी लावता येत नाही. उंदेरी लहान आणि सखल, त्यामुळे उंचीचा फायदा नाही. तिथे तोफा आणि भोवतालचा खडक हाच भरवसा. गंजलेल्या तोफा आजही झाडोऱ्यात पडलेल्या सापडतात. खांदेरीवर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या तोफा आहेत, आणि अशा गाड्या आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत.

नंतरच्या काळात मान सगळा खांदेरीला मिळाला. 1867 मध्ये दीपगृह उभं राहिलं, 1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं गेलं, नौदलाने पाणबुडीला 'खांदेरी' म्हटलं, आणि 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत खांदेरी आला. उंदेरी त्या यादीत नाही. तिथे धक्काही नाही. भरती-ओहोटी पाहून, समुद्र शांत असेल तेव्हाच होडीवाला खडकाला होडी लावतो.