तीव्र ॲलर्जी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मज्जासंस्थेचा आजार सुरू होण्यात तीव्र ॲलर्जीचा काही हात असतो का, हा प्रतिकारशास्त्रातला जुना प्रश्न आहे. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्तीच चुकते, पण चुकीची जात वेगळी. ॲलर्जीत ती शेंगदाणा, कोळंबी, परागकण, गांधीलमाशीचे विष अशा बाहेरून आलेल्या पदार्थाला शत्रू समजते. एमएसमध्ये ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतील तंतूंवरच्या मायेलिन या आपल्याच आवरणावर उलटते. ॲलर्जीमुळे एमएस होतो असे आजवरच्या पुराव्यावरून म्हणता येत नाही. मात्र एमएस झालेल्या माणसाची ॲलर्जी निदान करताना आणि औषध देताना फार महत्त्वाची ठरते, आणि नेमकी तीच केसपेपरवर लिहायची राहून जाते.

तागडीची कल्पना

१९८६ मध्ये उंदरांच्या मदतनीस टी पेशींचे, म्हणजे प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, दोन गट ओळखले गेले. टीएच१ पेशी गॅमा इंटरफेरॉन हे संदेशवाहक प्रथिन सोडून पेशींमधला दाह वाढवतात. टीएच२ पेशी आयजीई हे ॲलर्जीचे प्रतिपिंड आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना बळ देतात, म्हणजे ॲलर्जीची वाट मोकळी करतात. दोन्ही गट एकमेकांना दाबतात. एमएस टीएच१ कडे झुकलेला धरला, तर ॲलर्जी असलेल्यांना तो कमी व्हायला हवा, असे तागडीसारखे सोपे गणित त्यावरून मांडले गेले.

या गणिताला पुरावेही मिळाले. १९८७ च्या एका चाचणीत १८ एमएस रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन दिले, तेव्हा ७ जणांचा आजार उचल खाऊन आला. २००० मध्ये मायेलिनच्या तुकड्यात फेरफार करून बनवलेले औषध तपासताना पेशी टीएच२ कडे वळल्या खऱ्या, पण ९ टक्के रुग्णांना तत्काळ ॲलर्जीसारख्या प्रतिक्रिया आल्या आणि चाचणी थांबवावी लागली. अर्जेंटिनात २००७ मध्ये पोटात जंत असलेल्या १२ एमएस रुग्णांची तुलना जंत नसलेल्या १२ जणांशी केली. जंतवाल्यांचा आजार बराच शांत राहिला. जंतांमुळे आयजीई आणि इओसिनोफिल वाढतात. शिवाय दाह आवरणाऱ्या नियामक पेशीही वाढतात, आणि श्रेय बहुधा त्यांचेच असावे. पुढे मुद्दाम आकडीकृमी देऊन केलेल्या चाचणीत एमआरआयवर ठळक फायदा दिसला नाही. म्हणून जंताची गोळी टाळण्यात काहीही हशील नाही.

तागडी अपुरी पडली ती टीएच१७ (दाह वाढवणाऱ्या टी पेशींचा नंतर सापडलेला गट) आणि मास्ट पेशी यांच्यामुळे. हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशी ही ॲलर्जीची मुख्य फौज. त्याच पेशी एमएसच्या मेंदूतील चट्ट्यांतही, म्हणजे मायेलिन खराब झालेल्या जागांतही, सापडतात. त्यांतील ट्रिप्टेज हे विकर एमएस रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात वाढलेले आढळले आहे. उंदरांवरील प्रयोग मात्र एकमेकांना छेद देतात.

लोकांतील अभ्यास

२०११ मध्ये आधीच्या निरीक्षणात्मक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले. ॲलर्जीचे आजार आणि एमएस यांत संबंध दिसला नाही, उलटाही नाही आणि सुलटाही नाही. २०१९ मध्ये बोस्टनमधील १३४९ एमएस रुग्णांच्या पाहणीत अन्नाची ॲलर्जी असलेल्यांत आजार उचल खाण्याचे प्रमाण ॲलर्जी नसलेल्यांपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त निघाले. एमआरआयवर ताजे चट्टे दिसण्याची शक्यताही दुपटीहून अधिक होती. पण २०१७ मध्ये एमएस असलेल्या मुलांच्या पाहणीत अन्नाची ॲलर्जी असणाऱ्यांचा आजार कमी वेळा उलटला होता. हे दोन्ही अभ्यास आजार झाल्यानंतरच्या वाटचालीबद्दल सांगतात. आजार सुरू कशाने झाला, हे त्यांतून ठरत नाही.

सुरुवातीबद्दल सर्वांत भक्कम दुवा एपस्टाईन-बार विषाणूचा आहे. अमेरिकी सैन्यातील १ कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात या विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट झालेला दिसला. एचएलए-डीआरबी१*१५:०१ हे जनुकरूप, धूम्रपान, किशोरवयातील लठ्ठपणा आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही वाटा आहे.

‘मोठी ॲलर्जी आली आणि महिनाभरात पाय बधिर झाला’ हा क्रम घरच्यांच्या मनात पक्का बसतो, आणि ते समजण्यासारखे आहे. पण नसांना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे न्यूरोफिलामेंट प्रथिन पहिल्या लक्षणाच्या सुमारे ६ वर्षे आधीपासून चढलेले आढळते. पहिल्याच एमआरआयमध्ये कधी न जाणवलेले जुने चट्टेही अनेकदा दिसतात. महिनाभरापूर्वीची ॲलर्जी त्यांचे कारण असू शकत नाही.

कोल्हापूर परिसर

विषुववृत्तापासून दूर जावे तसा एमएस वाढतो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे ॲलर्जी घरोघरी, एमएस विरळा. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांसारखे पाणी घरात शिरले की ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते आणि दमेकऱ्यांचे हाल होतात. गाजरगवताने त्वचा चिघळते. उसाचे पाचट पेटवल्यावरचा धूर श्वासनलिका खवळवतो, पण ती ॲलर्जी नव्हे. अन्नात धोका वाटणात लपतो: पांढऱ्या रश्श्यात तीळ, खसखस, काजू, खोबरे, कांदा-लसूण मसाल्यात तीळ, भाज्यांत शेंगदाण्याचे कूट. भाजल्याने शेंगदाण्याची ॲलर्जीकारकता कमी होत नाही, उलट वाढते. त्यामुळे बाहेर जेवताना ‘शेंगदाणे आहेत का’ एवढे विचारून भागत नाही. ‘वाटणात काय काय घातलंय’ असे विचारावे.

ओळखण्यातल्या चुका

फरक वेळेवरून कळतो. ॲलर्जी मिनिटांत ते दोन तासांत उठते: अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ सुजणे, ओठांना मुंग्या, धाप, उलटी, चक्कर. एमएसचे लक्षण तासांत किंवा दिवसांत वाढते, किमान २४ तास टिकते आणि सहसा आठवडे रेंगाळते: एका डोळ्याने अंधुक दिसून डोळा हलवताना दुखणे, कमरेखाली बधिरता, तोल जाणे. तापात किंवा एप्रिल-मेच्या उन्हात जुनी लक्षणे थोडा वेळ वाढून अंग गार झाल्यावर ओसरली, तर ती नवी उचल नव्हे. हातापायांच्या नुसत्या मुंग्यांमागे बी१२ ची कमतरता किंवा मधुमेह असण्याची शक्यता एमएसहून कितीतरी जास्त.

सर्वांत जास्त घोटाळा स्टेरॉइडने होतो. पित्त उठले की डेक्सामेथासोनची सुई दिली जाते. तेच औषध एमएसची उचलही दाबते आणि एमआरआयवर ताज्या चट्ट्यांत भरणारा रंग पुसट करते. आठवड्यापूर्वी अशी सुई घेतली असेल तर एमआरआयआधी तसे सांगणे गरजेचे आहे.

दोन नकलाकार आजारही लक्षात ठेवावेत. जपानमध्ये १९९७ मध्ये वर्णन झालेल्या ॲटोपिक मायलायटिसमध्ये धुळीतील माइट या सूक्ष्म किड्यांविरुद्ध आयजीई वाढलेले असते आणि मज्जारज्जूला, बहुधा मानेच्या भागात, सूज येते. दुसरा एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका), डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांना इजा करणारा: याच्या चट्ट्यांत इओसिनोफिल पेशी असतात, रक्तात ॲक्वापोरिन-४ विरुद्धचे प्रतिपिंड तपासतात. तो एमएस समजून बीटा इंटरफेरॉन हे एमएसचे औषध दिले तर आजार बळावतो.

उपचारातील सावधगिरी

ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीत, एमएस असो वा नसो, पहिले औषध ॲड्रेनॅलिनच: १:१००० तीव्रतेचे, प्रौढाला ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. फरक न पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत, धाप जास्त असेल तर बसवावे. ॲलर्जीच्या गोळीने गांधी बसतात, रक्तदाब सावरत नाही.

ग्लॅटिरॅमर या एमएसच्या औषधाच्या सुईनंतर काहींना चेहरा लाल होणे, छाती आवळणे, धडधड असे १५ ते ३० मिनिटे होते. ही बहुधा ॲलर्जी नसते आणि आपोआप थांबते. पण क्वचित खरी ॲनाफिलॅक्सिस येते, तीही वर्षानुवर्षे सुई सोसलेल्या माणसाला. गांधी, सूज किंवा वाढती धाप दिसली तर थांबून पाहू नये. ऑक्रेलिझुमॅब या एमएसच्या दुसऱ्या औषधाच्या सलाइनआधी १०० मिग्रॅ मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषध देतात. तरीही प्रतिक्रिया येतातच, म्हणून सलाइन संपल्यावर किमान तासभर थांबवून घेतात.

क्लेमास्टिन या जुन्या ॲलर्जीच्या औषधाने ५० रुग्णांच्या २०१७ च्या चाचणीत डोळ्याच्या नसेतील संदेशाचा वेग किंचित सुधारला. नंतरच्या एका चाचणीत मात्र काही रुग्णांचे अपंगत्व झपाट्याने वाढले आणि तो गट थांबवावा लागला. दुकानातून आणून स्वतःच घेण्याचे हे औषध नाही.

केसपेपरवर नुसते ‘ॲलर्जी आहे’ लिहून उपयोग होत नाही. कोणता पदार्थ किंवा औषध, किती मिनिटांनी, अंगावर नेमके काय दिसले, रक्तदाब किती होता, कोणती सुई दिली आणि एमआरआयच्या रंगद्रव्याने पूर्वी त्रास झाला होता का, एवढे लिहिलेले असावे.