मधुमेह, झोप आणि मनावरचा ताण: पार्श्वभूमी

सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी दीर्घकाळच्या दुःखाला मधुमेहाचं एक कारण ठरवलं होतं. ते तसंच्या तसं टिकलं नाही, तरी रुग्णाचं मन त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, मरणाच्या दारातली मुलं जगू लागली आणि सगळं लक्ष रक्तातल्या साखरेवर गेलं. ते साहजिकच होतं.

पण इन्सुलिनच्या जोडीने हायपोही (रक्तातली साखर फार खाली घसरणं) आला. जागेपणी साखर घसरली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. झोपेत शरीराचा हा इशाराच क्षीण होतो. एकदा असा फटका बसलेला माणूस मग झोपताना साखर मुद्दाम थोडी चढीच ठेवतो, डोस हात राखून घेतो. बाहेरून हा हलगर्जीपणा वाटतो. खरं तर ती भीती असते. या भीतीचं मोजमाप करणारी प्रश्नावली १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली.

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. काटेकोर नियंत्रणामुळे डोळे, मूत्रपिंड आणि नसांचं नुकसान बरंच टळत होतं, मात्र तीव्र हायपो सुमारे तिप्पट झाले होते. म्हणजे ज्यांनी पथ्यपाणी चोख सांभाळलं, त्यांच्याच वाट्याला रात्रीची धास्ती अधिक आली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली कळीची जागा हीच. १९९५ मध्ये आजार सांभाळण्याचा रोजचा मानसिक भार मोजणारी प्रश्नावलीही आली. हा भार आणि नैराश्य एकच नव्हे, हे हळूहळू मान्य होत गेलं.

झोपेचा संबंध उलट्या बाजूनेही निघाला. १९९९ मध्ये शिकागोत ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची क्षमता लक्षणीय घटली. तरीही टाइप २ मधुमेहाच्या उपचारांबाबतच्या अमेरिकन आणि युरोपीय संघटनांच्या संयुक्त अहवालात झोपेला आहार-व्यायामाच्या पंक्तीत ठळक स्थान मिळायला २०२२ उजाडलं.

दरम्यान अंगावर लावून साखर सतत मोजणारे सेन्सर आले. साखर घसरू लागली की ते अलार्म देतात, त्यामुळे अनेकांची धास्ती कमी झाली. पण तोच अलार्म मध्यरात्री झोपमोडही करतो. म्हणून अलार्म कोणत्या आकड्याला वाजावा, हे आता डॉक्टरांशी बोलून ठरवण्याच्या गोष्टींत आलं आहे.