ऊर्जास्रोतांबाबतचा जोखीमबोध

वीज व इंधन मिळवण्याच्या निरनिराळ्या मार्गांमुळे जीविताला, आरोग्याला आणि परिसराला किती धोका आहे, याविषयी सर्वसामान्य लोकांची जी धारणा असते तिला जोखीमबोध म्हणतात. ही धारणा आणि प्रत्यक्ष जीवितहानीचे आकडे यांचा मेळ क्वचितच बसतो. अणुविजेच्या बाबतीत तर तो मुळीच बसत नाही.

अपघात आणि हवेचे प्रदूषण दोन्ही धरून एका टेरावॉट-तास (म्हणजे शंभर कोटी युनिट) विजेमागे होणाऱ्या मृत्यूंचे अंदाज काढले आहेत. कोळशाला सुमारे २५, खनिज तेलाला १८, नैसर्गिक वायूला ३ आणि जलविद्युतेला १.३ असे ते येतात. पवन, अणू व सौर ही तिन्ही ०.०५ च्या आत आहेत. कोळशाचे बहुतेक बळी धुरातल्या सूक्ष्म कणांमुळे जातात, पण मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा फुप्फुसाचा विकार लिहिलेला असतो. कोळशाचे नाव कुठेच येत नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन दाट धुरक्यात सापडले आणि हजारो माणसे दगावली, तेव्हा कुठे हा धोका डोळ्यांना दिसला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याच्या १९६९ च्या लेखापासून धरतात. आपखुशीने पत्करलेला धोका लोक लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट सहन करतात, असे त्यांनी मांडले. पुढे पॉल स्लोविक, बारूख फिशहॉफ व सारा लिक्टेनस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी थेट लोकांनाच विचारले. तीस गोष्टी धोक्याच्या क्रमाने लावायला सांगितल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली, तज्ज्ञांनी विसाव्या. गंमत अशी, की सर्वसाधारण वर्षात कशामुळे किती माणसे दगावतील असे विचारल्यावर याच विद्यार्थ्यांनी अणुविजेला सर्वांत कमी आकडा दिला. तेव्हा ‘लोकांना माहिती नसते’ हे तज्ज्ञांचे आवडते स्पष्टीकरण अपुरे पडते. एकाच फटक्यात होणारा संहार, स्वतःच्या हाती काहीच नसणे, पुढच्या पिढ्यांवर पडणारी छाया आणि न दिसणारा किरणोत्सर्ग यांचे वजन लोक वेगळे धरतात. मृत्यूंच्या सरासरीत ते उतरत नाही.

भीतीचीही किंमत मोजावी लागते. मार्च २०११ मधील फुकुशिमा अणुदुर्घटनेत किरणोत्सर्गाने झालेला एकच मृत्यू जपान सरकारने आजवर मान्य केला आहे. स्थलांतराची दगदग आणि उपचारांतील खंड यांमुळे मात्र त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत वृद्धच जास्त. जर्मनीने त्याच वर्षी आठ अणुभट्ट्या बंद केल्या, शेवटच्या तीन भट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये. त्यांची जागा काही प्रमाणात कोळशाने भरून काढली.

याउलट धरणांची धास्ती फारशी दिसत नाही. ऑगस्ट १९७५ मध्ये चीनमधील बान्चियाओ धरण फुटले. बळींचे अंदाज २६ हजारांपासून दोन लाखांच्या पुढे जातात. चीनने ही माहिती अनेक वर्षे दडवून ठेवली. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेचे नाव मात्र सर्वतोमुखी झाले. पवनचक्क्यांविरुद्धच्या तक्रारी बहुधा आवाज आणि दृश्य यांच्याच असतात.

मते कायमची गोठलेलीही नसतात. २०२२ मध्ये इंधनाचे भाव भडकल्यावर जपानमधील जनमत-पाहण्यांत बंद अणुभट्ट्या पुन्हा सुरू करण्याकडे कल वाढला.