टक्का वाढला, जागा घटल्या

१५ एप्रिल २०१० च्या रात्री ब्रिटनच्या तीन मोठ्या पक्षांचे नेते निवडणुकीआधी पहिल्यांदाच टीव्हीवर समोरासमोर आले. मजूर पक्षाचे गॉर्डन ब्राउन, हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरून आणि लिबरल डेमोक्रॅट्सचे निक क्लेग. बाजी मारली क्लेग यांनी. तोवर जनमत चाचण्यांत वीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारा त्यांचा पक्ष काही दिवसांतच तीस टक्क्यांना भिडला. ६ मे रोजी मतं पडली तेव्हा मात्र हाती आले २३ टक्के आणि ६५० पैकी ५७ जागा. २००५ मध्ये याच पक्षाला २२ टक्क्यांवर ६२ जागा मिळाल्या होत्या!

आधी चाचण्यांचं बघू. हजार जणांना विचारलं, तर तीस टक्क्यांच्या आसपासच्या पक्षाचा आकडा निव्वळ योगायोगाने ३ टक्के वरखाली होऊ शकतो. असे दोन पक्ष असतील, तर त्यांच्यातल्या अंतरात जवळपास ५ टक्क्यांची चूक निघू शकते. म्हणून ३२ विरुद्ध २९ ही ‘आघाडी’ आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण योगायोगाची चूक दोन्ही बाजूंना पडते. २०१० च्या शेवटच्या चाचण्यांनी क्लेग यांच्या पक्षाला २६ ते २९ टक्के दिले होते, म्हणजे सगळ्या एकाच बाजूला चुकल्या. असं झालं की दोष नमुन्यात, म्हणजे विचारायला निवडलेल्या माणसांत असतो, किंवा ‘यांनाच मत देणार’ म्हणणारे आयत्या वेळी फिरलेले असतात. नमुना हजाराचा दहा हजार केला तरी हा दोष जात नाही.

जागांचं गणित त्याहून निर्दय आहे. पद्धत आपल्यासारखीच, ज्याची मतं जास्त तो निवडून येतो. देशभर सारखी पसरलेली मतं दुसरा क्रमांक देतात, जागा देत नाहीत. १९८३ मध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट्सच्या आघाडीला (पुढे यांचेच लिबरल डेमोक्रॅट्स झाले) २५.४ टक्के मतं आणि २३ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला २७.६ टक्क्यांवर २०९.

हा धडा २०२४ मध्ये कामी आला. लिबरल डेमोक्रॅट्सनी देशभराचा टक्का वाढवायचा नाद सोडला आणि माणसं, पैसा, पत्रकं मोजक्या मतदारसंघांत ओतली. बहुतेक ठिकाणी हुजूर पक्ष पहिला आणि हे दुसरे. मजूर पक्षाच्या मतदाराला दारात जाऊन सांगायचं, ‘इथे तुमचा उमेदवार येत नाही, आम्हीच यांना पाडू शकतो.’ मतं ११.६ वरून १२.२ टक्के झाली, जागा ११ वरून ७२!

एक्झिट पोल नेमकं हेच पकडतो. मत देऊन बाहेर पडणाऱ्याच्या हातात मतपत्रिकेची नक्कल देतात. तो खूण करून ती पेटीत टाकतो, नाव कुणी विचारत नाही. शक्यतो मागच्या वेळचीच मतदान केंद्रं निवडतात, आणि टक्का किती यापेक्षा तिथे तो किती बदलला हे मोजतात. कुठल्या प्रकारच्या मतदारसंघात किती बदल झाला यावरून जागांचा अंदाज निघतो. २०१० मध्ये अशी सुमारे १३० केंद्रं होती. रात्री दहाला आकडा झळकला, लिबरल डेमोक्रॅट्स ५९. क्लेग यांची लाट डोळ्यांसमोर असल्याने अनेकांना तो पटेना. सगळी मोजणी संपल्यावर फरक निघाला दोन जागांचा.