किराणा दुकानाच्या फरशीखालची हवा

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर वस्तीसाठी किराणा दुकान उभं करायचं ठरलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वरची माती काढली, नवी भरली, वर काँक्रीट ओतलं, आता कसली भीती?" भीती मातीच्या कणांमधल्या हवेची आहे.

यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरलं जाई. हा विषारी द्रव पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, म्हणून सांडला की भूजलाच्याही खाली उतरतो. वाटेत मातीत अडकलेला आणि पाण्यात विरघळलेला अंश मात्र वर्षानुवर्षं वाफ होऊन वर येत राहतो.

ती वाफ आत शिरते कशी, हा मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग. दुकानच तिला ओढून घेतं! आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली की हलकी होऊन छताकडून निसटते आणि तळाशी दाब किंचित घटतो. किती? हवेची घनता, गुरुत्वीय त्वरण, उंची आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार करा, केल्विनमधल्या तापमानाने भागा. उंची ६ मीटर आणि फरक १० अंश धरला तर सुमारे २.४ पास्कल येतात. त्यातले साधारण निम्मे फरशीपाशी. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर असताना हे नगण्य वाटेल. पण काँक्रीटमधून पाइप वर येतो तिथली केसाएवढी फट रात्रंदिवस उघडी असते. त्यात बेकरी विभागातला एक्झॉस्ट पंखा सुरू झाला आणि बाहेर गेलेल्या हवेइतकी ताजी हवा आत येण्याची सोय नसली, की हा दाब आणखी उतरतो. फ्रीझरजवळच्या निचऱ्याच्या जाळीखाली वळणात पाणी साठलेलं असतं, तेच वायूला अडवतं. ते सुकलं तर आणखी एक वाट मोकळी.

किराणा दुकानात याची काळजी जास्त घ्यायला हवी, कारण असे द्रव स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. ड्रायक्लीनिंगच्या दुकानांशेजारी ठेवलेल्या लोण्यात पर्क्लोरोइथिलीन, म्हणजे कपडे धुवायला तिथे वापरला जाणारा असाच द्रव, सापडलेलं आहे. नाकावर भरवसा ठेवू नये. वास येईपर्यंत प्रमाण धोक्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. आणि 'हवा शुद्ध करणाऱ्या' कुंडीतल्या झाडांच्या जाहिराती सरळ विसरा. त्या ज्याचा दाखला देतात तो १९८९ चा नासाचा प्रयोग बंद पेटीतला होता, दुकानातला नव्हे.

उपाय रेडॉनसाठी, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूसाठी, वापरतात तोच. काँक्रीट ओतण्याआधी खडीचा थर, त्यात छिद्रांचे पाइप, वर वायूला अडवणारा जाड पडदा. पाइप थेट छताच्या वर नेऊन त्यावर पंखा. फरशीखालचा दाब दुकानातल्या दाबापेक्षा कमी झाला की फटींतून हवा वरून खाली जाऊ लागते. हे नकाशावर असतानाच ठरवावं, कारण नंतर चालू दुकानाची फरशी फोडावी लागते.

पाइपवर रंगीत द्रवाची इंग्रजी 'यू'च्या आकाराची नळी बसवतात. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा बंद पडलाय.